आडाचं तांबडं पाणी

अप्पा, परड्यातला आड बुजवायचं ठरलं होतं, ते आता रद्द झालं आहे. तुम्हाला हे कळवावं असं बरेच दिवस मनात होतं. पण आड कशामुळे वाचला तेही मग सांगावं लागणार, आणि ते तुम्हाला रुचणार नाही, म्हणून लिहायला बसायचं टाळत होते.

तुमच्या मागं धाकट्यानं आडाला मोटर लावली, घरात नळ फिरवले. पाणी मात्र तेच. नळातून निघताना स्वच्छ, आणि बादलीत थोडा वेळ राहिलं की तांबडं. चहा काळा, वरण काळपट, मोरीची फरशी गेरू फासल्यासारखी. पौर्णिमेला विहारात जाताना आईची पांढरी लुगडी पिवळी दिसायची, तशाच आता सुनेच्या साड्या दिसतात. तिनं चिडून ब्लिचिंग पावडर घातली, तर डाग आणखीच पक्के झाले. शेवटी दारात सरकारी नळ आला. तो रोज येत नाही, पण येतो तेव्हा पाणी पांढरं देतो. धाकट्यानं ठरवलं की तूर निघाली की मुरूम आणून आड बुजवायचा आणि तिथं ट्रॅक्टरसाठी शेड घालायचं. "अक्का, आडातच लोखंड हाय, मग पोहऱ्यात काय येणार," म्हणाला. बोलणं खरं होतं, तरी मला त्याचा राग आला. तुम्ही आणि आईनं पहारीनं मुरूम फोडून तो आड खणला, तेव्हा हा पाळण्यात होता. मुरमाच्या ढिगावर बसून तुमच्याकडं बघणारी मी होते.

शाळेतले विज्ञानाचे मास्तर आले होते, तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही बाजेवर बसला आहात. मास्तर आपल्या कानडी हेलाच्या मराठीत समजावतायत की लोखंड पाण्यात विरघळलेलं असतं, त्याला हवा लागली की त्याचा गंज होतो आणि खाली बसतो. म्हणून पाणी उंचावरून धारेनं पडू द्यायचं, मग निवळू द्यायचं, मग वाळूतून गाळायचं. दाखवावं म्हणून ते धुण्याच्या दगडावर चढतात आणि खालच्या घंगाळात घागर रिकामी करायला लागतात. तुम्ही उठून त्यांच्या हातातली घागर काढून घेता.

"वरून वतलेलं पाणी प्यावं लागू नये म्हणून तर आड खांदलाय, मास्तर."

बिचारे मास्तर भल्यासाठी आले होते. आपलं काय चुकलं ते त्यांना कळलं नाही, मलाही नाही. पुढं खळ्यावर तुम्ही एकदाच सांगितलंत. लहानपणी दुसऱ्यांच्या विहिरीवर तासन्‌तास थांबायचं, कुणाला दया आली की तो वरून ओतणार, आपण खाली ओंजळ धरायची. "पिताना मान वर करता येत न्हाई, बाई," एवढं बोलून तुम्ही पुन्हा कामाला लागलात. त्यानंतर मी घरात पाण्याबद्दल कुरकूर केली नाही. पाहुण्यांसमोर तुम्ही तांब्याभर तांबडं पाणी घटाघटा प्यायचात आणि लोखंड अंगाला लागतं म्हणायचात. मला तुमचा अभिमान वाटायचा आणि पाण्याची शिसारी यायची, दोन्ही एकदम. नर्सिंगला कलबुर्गीला गेले तेव्हा वसतिगृहाचं पाणी पिऊन सुटल्यासारखं वाटलं होतं.

आता निवृत्त होऊन घरी आले तर आडाचाच निकाल लागायची वेळ. तूर बाजारात जाईपर्यंत थांब, असं मी धाकट्याकडून कबूल करून घेतलं. बसवकल्याणहून ड्रम आणले, वाळू आणली. नळ जोडणारा म्हणाला, वरचा ड्रम गच्चीवर ठेवा, जितकं उंचावरून पडेल तितकी हवा लागेल. म्हणजे पुन्हा तेच. ड्रम कितीतरी दिवस परड्यात तसेच पडून होते, आणि मी येता-जाता त्यांच्याकडं बघायची. आड राखायचा तर तुमचा शब्द मोडायचा, शब्द राखायचा तर आड मुरमानं भरलेला बघायचा. मी शब्द मोडला, अप्पा. आता वरच्या ड्रमच्या भोकांतून पाणी खाली पडतं, गाळ तळाला बसतो, वाळूतून पाणी शेवटच्या तोटीला येतं. वाळू दर आठवड्याला मी स्वतः धुते.

पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा धाकट्यानं भांडं आणलं नाही. वाकून तोटीखाली ओंजळ धरली, पोटभर प्यायला आणि म्हणाला, "गोड हाय की." मग मुरूमवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. मास्तरांची गोष्ट त्याला ठाऊक नाही. त्याला ती सांगावी असं मला वाटत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. पाणी अजून जरा पिवळट येतं. धाकटा विचारतो तेव्हा मी वाळूला नावं ठेवते. वाळू चांगली आहे. वरचा ड्रम मी गच्चीवर नेऊच दिला नाही, माझ्या खांद्याच्या खाली बसवून घेतला. त्याहून वर चढवायला मन धजलं नाही.