गुरुजींनी मिशा का काढल्या

गुरुजी, मी तुम्हाला फार घाबरायचे. छडीला एवढी नाही, तुमच्या बघण्याला. कॅसलरॉकच्या आपल्या मराठी शाळेत चारही इयत्ता एकाच खोलीत बसायच्या, आणि पाट्या तपासता तपासता तुमची नजर मधेच उठून माझ्यावर यायची. तेव्हा माझा हात धाकट्या बहिणीच्या पाठीवर असायचा. ती पहिलीत, मी चौथीत, पण काहीतरी सबब सांगून मी नेहमी तिच्या मागचीच जागा पकडायचे. तुम्ही तिला काही विचारलंत की मी तिच्या पाठीवर बोटानं आकडा काढायचे, नाहीतर अक्षर. उभं राहायचं असलं की वेणी ओढायचे. ती उठून बरोबर उत्तर द्यायची, जरा मोठ्यानं, जरा बोबडं, आणि मला दरदरून घाम फुटायचा. वर्गात तिला खुळी म्हणायचे. आम्हाला ते चालत होतं. खरं काय ते कळण्यापेक्षा खुळी बरी, असं आईचं म्हणणं होतं.

खरं काय ते मला त्याआधी वर्षभर ठाऊक होतं. आई आणि मी रुळांपलीकडच्या विहिरीवरून पाणी घेऊन येत होतो. धाकटी मागे राहिली होती आणि रुळांच्या मधोमध बसून खडी वेचत होती. घाट चढून इंजीन आलं. त्याची शिट्टी ऐकून आमच्या कुंपणावरची माकडंसुद्धा पळाली, पण ती आपली एकेक खडा फ्रॉकात टाकते आहे. आईनं घागर टाकून दिली आणि धावली. पोरीला उचलून ती बाजूला झाली आणि गाडी गेली. माझे पाय अजून तिथंच खिळलेले आहेत असं मला कधी कधी वाटतं. घरी आल्यावर आईनं मला चुलीपुढं बसवलं आणि म्हणाली, "हिला ऐकू येत न्हाई. भैरी पोर उद्या कोन करून घेनार? तुज्या आप्पाला बी सांगायचं न्हाई. कुनाला सांगशील तर माजं मेलेलं तोंड बघशील." आप्पा रेल्वेत गँगमन, आठ आठ दिवस लाइनीवर असायचे. घरात आई सोडली तर आम्हाला होतं कोण? शपथ मोडली की आई मरणार, हे मला दोन अधिक दोन इतकं पक्कं ठाऊक होतं.

मग मला ताप आला आणि धाकटी एकटी शाळेत गेली. तुम्ही विचारलंत ते तिला कळलं नाही, ती खिडकीकडे बघत राहिली. तुम्हाला वाटलं मुद्दाम करते. तिचा तळहात सुजला होता. आईनं त्यावर खोबरेल लावलं आणि तुमच्या नावानं बोटं मोडली. पण तुम्ही छडी मारून विसरणारे नव्हतात. मोठी बहीण असली की उत्तर येतं, नसली की येत नाही, हे तुमच्या डोक्यातून गेलं नाही. धारवाडला ट्रेनिंगमध्ये तुम्हाला मुलांचं मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांना तुम्ही पत्र लिहिलंत. महिन्याभरानं त्या गाडीनं आल्या आणि तुम्ही त्यांना शाळेत न नेता सरळ आमच्या घरी घेऊन आलात.

त्या बाई पुढं आयुष्यात मला किती उपयोगी पडल्या, पण त्या दिवशी त्यांची पांढरी साडी बघून मी आणि आई दोघीही गारठलो. सरकारी दवाखान्यातून पोरीला न्यायला आल्या, असंच आम्हाला वाटलं. बाई स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या. आईनं चहा टाकला. धाकटी त्यांच्याकडे पाठ करून अळू निवडत होती. बाईंनी इकडचं तिकडचं बोलत, काही कळू न देता, हाताशी असलेली पितळी पळी जमिनीवर टाकली. मी दचकले. आईच्या हातातला कप हिंदकळला. धाकटीनं पुढचं पान उचललं. बाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही, त्या आईकडे पाहत होत्या. आईनं कप खाली ठेवला. "पाया पडतो बाई तुमच्या," ती म्हणाली, "कागदावर लिवू नकासा. पोरीचं वाटोळं हुईल."

बाईंनी धाकटीला समोर घेतलं आणि तासभर तिच्याशी खेळल्या. चित्रं लावून घेतली, काड्या मोजायला लावल्या. मग म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे. कान कमी आहेत, डोकं नाही. तिला पुढं बसवा, तिच्याकडे तोंड करून बोला. घरीसुद्धा पाठीमागून हाक मारू नका. लपवाल तर तिचंच नुकसान होईल." आई मान हलवत राहिली, पण लपवायचं नाही हे काही केल्या तिला पटेना. तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमच्या तोंडून बाहेर जाणार नाही. शब्द देतो." बाई तुमच्याकडे बघून हसल्या. "आणि गुरुजी, ती ओठ वाचायला बघते. तुमचे ओठ तर दिसतच नाहीत." एवढ्या धास्तीतही आईनं पदर तोंडाला लावला. तुमच्या मिशा सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होत्या.

सोमवारी तुम्ही मिशा काढून शाळेत आलात. धाकटीला पहिल्या ओळीत, अगदी खुर्चीजवळ बसवलंत आणि तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणालात, "घर." ती म्हणाली, "घर." तिच्या पाठीवर तेव्हा माझं बोट नव्हतं. गुरुजी, तो शब्द तिनं माझ्याशिवाय उचललेला पहिला शब्द. आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी भीती वाटली, कारण दुपारपासून शाळेच्या ओसरीवर माणसं यायला लागली होती. डोकी खाली घालून बसायची. बाप गेल्याशिवाय मिशा कोण काढतो? स्टेशनसमोरच्या दुकानदारानं घसा साफ करून विचारलं, "गुरुजी, थोरलं कवा गेलं?" तुम्ही म्हणालात, "वडील खानापूरला सुखरूप आहेत." "मग ह्ये?" "उकडत होतं हो." पौषाचा महिना, आम्ही सगळे शेकोटीला बसलेले.

शिमग्यानंतर स्टेशनवर तार आली. तुमचे वडील गेले होते. तुम्ही खानापूरला जाऊन दिवस करून आलात. डोकं तासलेलं होतं, पण मिशा काढायला उरल्याच नव्हत्या. मग गावाचं तोंड कोण धरणार? जित्या बापाचं सुतक धरलं, बापाला खाल्लं, असं बाया पाणवठ्यावर बोलायच्या. काहींनी पोरं शाळेतून काढली. तुम्ही काहीच बोलला नाहीत. एक वाक्य बोलला असतात तर सगळं मिटलं असतं. ते वाक्य आमच्या घरचं होतं.

मी मीठ आणायला गेले तेव्हा दुकानदाराची बायको म्हणाली, "तू तर चौथीतली शाणी पोर. गुरुजींनी मिशा का काढल्या गं?" मी म्हटलं, "मला ठाव न्हाई." "बापावर उठला त्यो, दुसरं काय. व्हय का न्हाई?" मी म्हटलं, "व्हय." मला वाटत होतं, मिशा काढल्या म्हणून जर खरंच बाप मरतो, तर शपथ मोडली म्हणून आई मरेलच. नऊ वर्षांच्या मुलीला यापेक्षा मोठा पुरावा कोण देणार? रात्रंदिवस ओठ घट्ट मिटून मी राहायचे.

आता मीही त्या धारवाडच्या बाईंचंच काम करते, माझ्या खोलीत आईबाप मुलांना घेऊन येतात. शाळांनी पाठवलेली मुलं, वाचता न येणारी, न बोलणारी, मारकी. खुर्चीवर टेकायच्या आधी आया विचारतात, "हे कुणाला कळणार नाही ना?" "नाही कळणार," मी म्हणते, आणि तो शब्द तुम्ही कसा पाळलात ते मला आठवतं. मुलाशी, घराशी आणि शाळेशी एकाच वेळी बोलावं लागतं हे मी पुढं शिकले, पण त्याची किंमत कुणी तरी एकटा देतो, हे पुस्तकात नव्हतं. आणि धाकटीचं सांगते. तिला बघायला पाहुणे आले तेव्हा पोहे पुढं ठेवता ठेवता तीच मुलाच्या आईला म्हणाली, "मला कमी ऐकू येतं, समोर बघून बोला." मुलाची आई समोर सरकून बोलली. लग्न झालं. इतकंच होतं ते सगळं.

त्याच वर्षी तुमची बदली झाली, की तुम्हीच मागून घेतलीत, मला माहीत नाही. स्टेशनवर पोचवायला आम्ही दोघीच होतो, आई घाबरून आली नाही. तुम्ही खिडकीतून वाकून धाकटीशी काहीतरी बोललात, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. ती हुंदके देत मान हलवत राहिली. काय म्हणालात ते मी तिला कधीच विचारलं नाही, आजही विचारणार नाही, आणि हा कागदही तिला दाखवणार नाही. कारण गाडी हलली, ती रडत तुमच्यामागे पळाली, आणि मी फलाटावर उभी राहून मनात म्हटलं, बरं झालं, आता कुणाला कळायचं नाही.