शैलाच्या ओठावरचा जर

शैला,

हॉस्पिटलातून कपडे न्यायला घरी आले होते. तुला झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही.

बाळाचा ताप अजून उतरलेला नाही. दूध ओढत नाही, नुसतं पडून असतं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाच्या तोंडावर फोड आलेत का?" मी म्हटलं, बहिणीच्या ओठावर जर फुटलाय. "ती बाळाचे पापे घेते?" मी हो म्हटलं. मावशी पापे घेणारच. त्यानंच झालं असेल असं नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

ह्यांनी अड्यार भागातल्या दुकानातून तुझ्या ओठासाठी होमिओपॅथीचं मलम आणलंय. डबी आरशापाशी आहे. त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. लावलंस की हात साबणानं धू. गुण येवो न येवो, फोड पुरते सुकेपर्यंत हॉस्पिटलात येऊ नकोस. शेजारच्या कनकामामींनी सांबार दिलंय, त्याच्याशी भात खा.

सासूबाई पुण्याहून निघाल्यात. त्यांना बाळाला ताप आहे एवढंच सांग. डॉक्टरांनी काय विचारलं, ते मी ह्यांनाही बोललेले नाही.

काल मला तुझा फार राग आला होता. आज रागही येत नाही आणि रडूही येत नाही.

तुझी बॅग भरून दाराशी ठेवलेली दिसली. ती मी उघडली आणि तुझी पातळं परत कपाटात लावली आहेत.

ताई