ग्रेटाच्या लग्नासाठी चार दात

तीर्थस्वरूप मार्लीनताईस,

धाकट्या हार्लनचा मनापासून नमस्कार. तुझ्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं आणि तू अ‍ॅरिझोनात नर्सबाईंना सळो की पळो करून सोडलंस असं कळलं. म्हणजे तब्येत सुधारली म्हणायची. इकडे विस्कॉन्सिनमध्ये सगळे खुशाल. लग्न झकास झालं, फक्त तू हवी होतीस.

आता माझ्या दातांचं ऐक. आमच्या ग्रेटाने लग्नाआधी एकच मागणं मागितलं, "डॅड, मला चर्चमध्ये हाताला धरून नेताना एका तरी फोटोत तोंड उघडून हस की!" (माझे पुढचे चार दात कसे झिजलेत ते तू जाणतेसच. म्हणून तर जन्मभर ओठ मिटून फोटो.) लेकीपुढे कुणाचं चालतं? गेलो डॉक्टर थेरेसाकडे. ती म्हणाली, दातांवर चिनीमातीचे पातळ पापुद्रे, म्हणजे व्हिनीअर चिकटवू, पण आधी दात जरासे घासावे लागतील. घ्या! मी फर्निचरवाला, जन्मभर लाकडावर व्हिनीअर चिकटवलेला, आणि ही मला व्हिनीअर शिकवणार! म्हटलं, बाई, देवाने दिलेल्या दातांचा कणही काढायचा नाही, वरूनच लावा. तिने वाद घातला नाही. न घासताच प्लास्टिकचा नमुना चढवला आणि म्हणाली, चार दिवस मिरवून बघा.

ताई, काय सांगू! ओठ मिटेनात. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या मासळीची पंगत होती. मी "सॉस" मागायला गेलो तर शिट्टी वाजली आणि पाद्रीबुवांचं कुत्रं धावत आलं. तुझी भावजय डोलोरेस भर पंगतीत म्हणते, "अरे, घोड्याला कुणीतरी गवत घाला!" (हसणाऱ्यांत व्याही सगळ्यांत पुढे.) आणि मी, खालच्या फळीवर नीट रंधा मारल्याशिवाय वर पापुद्रा लावाल तर कडा उचलतील, म्हणून कामगारांवर ओरडणारा मी!

सोमवारी जाऊन म्हटलं, घासा, हवं तेवढं खरवडा. तर बाई उखडलीच. "तुमचं आपलं एक तर उपास, नाही तर फराळ! दाताचा वरचा थर कडक, त्यावर सिमेंट घट्ट धरतं. खालच्या मऊ भागात गेलं की पकड ढिली. आणि टोकदार कोपरे ठेवले तर तिथूनच तडा जातो." मग त्या नमुन्याच्याच मापाने, लागेल तिथेच, नखाच्या जाडीएवढं घासलं आणि कोपरे गोल केले. आता खरे पापुद्रे असे चपखल बसलेत की जीभ फिरवली तरी सांधा लागत नाही. मी तर फ्रीजचा दिवा लागला तरी फोटोसाठी हसत होतो!

तुझा आनंदी,
हार्लन

ता. क. फोटो पाठवत नाही. ग्रेटा पांढऱ्या झग्यात समोर आली, "चल डॅड" म्हणाली, आणि मला असं रडू फुटलं की चर्चभर ओठ आवळूनच चाललो. प्रत्येक फोटोत तोच जुना हार्लन, फक्त ओला.

ता. क. २. खरं काम हे : थँक्सगिव्हिंगच्या सणाला येशील तेव्हा आत्याला तुला नवरीच्या झग्यात बघायचंय असं ग्रेटाला फोनवर सांग. मी तिला बैठकीच्या खोलीतून पुन्हा नेईन, तू फोटो काढ. माझं नाव घेऊ नकोस.

ता. क. ३. डोलोरेस आत्ताच सांगत होती, ग्रेटाने तो रडका फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. म्हणते, "माझा डॅड मला असाच हवा." पुन्हा रडलो गं. तरी फोन करच. फक्त फोटो झटकन काढ. ती समोर आली की माझा भरवसा नाही.