माझ्या तेरवीची पंगत

९ सप्टेंबर १९९८, बुधवार

आज घरी आलो. हॉस्पिटलवाल्यांच्या तावडीतून सुटलो, असं लिहिणं जास्त बरोबर.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मला मामुली ताप आला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याचा डोक्यातला मलेरिया केला, मग आयसीयू केलं, मग घशात नळी घातली. पेशंट हाती लागला की सोडत नाहीत. मी इतकी वर्षं मंडल कार्यालयात, म्हणजे इकडच्या तेलुगू राज्यातल्या तहसीलीत, सीनिअर असिस्टंट आहे. माणसाला लटकवून कसं ठेवतात, हे मला कोणी शिकवू नये.

जीपमधून उतरताना चंपतने मला काखेत धरून आत आणलं. चंपत माझा धाकटा भाऊ. जैनथला त्याचा मळा आहे, वांगी-मेथी पिकवतो. मी त्याला हात लावू नको म्हणालो होतो. त्याने ऐकलं नाही. त्याने सोडलं असतं तर मी पडलो असतो, ही वेगळी गोष्ट.

निश्चय: येत्या सोमवारी ड्यूटीवर जॉईन. आवाज थोडा बसलाय, पण त्यात एक भारदस्तपणा आलाय. एमआरओ, म्हणजे आमच्या तहसीलदार साहेबांवर छाप पडेल.

१० सप्टेंबर

हकीकत ताजी आहे तोवर नोंद करून ठेवतो.

मी आयसीयूत बेडवर. दोन्ही हात पट्टीने कठड्याला बांधलेले. आणि बेडांच्या मधल्या जागेत पंगत बसलेली. सगळी भावकी, पुढ्यात पत्रावळी, वरण-भात, बुंदी. चंपत बादली घेऊन वाढतोय आणि म्हणतोय, घ्या घ्या, लाजू नका, दादाची तेरवी हाये. द्वारका, म्हणजे माझी धर्मपत्नी, खाली मांडी घालून भजी खाते आहे. माझ्याकडे कोणी बघत नाही. मला बुंदीचा एक दाणा नाही.

हे मी डोळ्यांनी बघितलं. द्वारका म्हणते, तापात बरळत होते तुमी, त्या खोलीत असं दिसते म्हणून डॉक्टरनंच सांगतलं. डॉक्टर सांगणारच. त्यांच्या वॉर्डात पंगत बसली, हे कोणता डॉक्टर कबूल करेल? आणि हे स्वप्न असतं, तर वरणात मीठ कमी आहे असं चुलतभाऊ नागोराव म्हणाला, ते मला कसं ऐकू आलं? स्वप्नात कोणी मिठाचा विचार करत नाही.

निश्चय: चंपत स्वतःच्या तोंडाने कबूल करत नाही तोवर त्याच्याशी अबोला.

११ सप्टेंबर

चंपत पहिल्या बसने येतो, मला धरून पानठेल्यापर्यंत चालवून आणतो. मी एक शब्द बोललो नाही. थांब, चल, पाणी, सगळं हाताने सांगितलं. त्यालाही तेच बरं पडलं असावं. येताना पिशवीभर मेथी घेऊन आला. माणूस उगाच मेथी आणत नाही.

दुपारी नागोराव भेटायला आला. याचं बसस्टँडजवळ किराणा दुकान आहे, फोनही आहे, त्यामुळे गावभरच्या बातम्या याच्याकडे आधी पोहोचतात. पेशंटसाठी आणलेली ग्लुकोज बिस्किटं स्वतःच खात बसला. म्हणे, भाऊ, आमी तं आशाच सोडली होती. आणि हसला. मी त्याला बेसावध गाठून विचारलं, वरणात मीठ कमी होतं ना? त्याने आधी द्वारकाकडे बघितलं, मग कापसाच्या भावावर बोलायला लागला.

यापेक्षा मोठा पुरावा कोणता पाहिजे?

१३ सप्टेंबर, रविवार

आज सप्तमी, आमच्या वडिलांची, आबांची तिथी. मी थोरला. पण डॉक्टरांनी उपाशी राहू नका म्हटलंय, हे निमित्त काढून चंपत पाटावर बसला. तीळ-पाणी सोडताना त्याचा हात बघून घेतला. चांगला सरावलेला हात.

मग अंगणात पंगत बसली. तीच भावकी, त्याच पत्रावळी. चंपतने बादली उचलली आणि म्हणाला, घ्या घ्या, लाजू नका.

मी चौकट धरून उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत बोललो. पहिल्यांदा कोणाला ऐकूच गेलं नाही, म्हणून तांब्या आपटावा लागला. म्हणालो, चंपत्या, माझी तेरवी एकदा जेवून घेतलीस, आता रिहर्सल करून राह्यला का? मी मरायची इतकी घाई आहे तर तसं सांग.

सगळ्यांचे घास हातात राहिले. चंपतची बायको सोजरबाई पानावरून उठून रडायला लागली. त्या बाईला रडायला निमित्त लागत नाही. चंपत एका शब्दाने नाही म्हणाला नाही. बादली खाली ठेवली, हात धुतले, म्हणाला, दादा, उद्यापासून मी येत नाही.

खरा असता तर भांडला असता. मी जिंकलो.

नंतर जरा पडलो. डोळे उघडले तेव्हा दिवेलागण झाली होती. दिवा रात्रभर चालू ठेवायला सांगितलं. वाचायला लागतो.

१४ सप्टेंबर, सोमवार

जॉईन होणं लांबवलं. पितृपक्षात नवं काम सुरू करत नाहीत. माझा विश्वास नाही, पण ऑफिसच्या लोकांचा आहे, त्यांच्या भावना जपल्या पाहिजेत.

१६ सप्टेंबर

कोणाच्या आधाराशिवाय बसस्टँडपर्यंत जाऊन यायचं, असा प्रोग्राम होता. फाटकापर्यंत गेलो. फाटक फार जड झालंय, पावसाने लाकूड फुगतं. सुतार बोलावला पाहिजे. परत येऊन पलंगावर बसलो तर पाय बराच वेळ थरथरत होते. बसून राहिल्याने असं होतं.

केस विंचरताना पुंजका हातात आला. नागपूरचं पाणी.

द्वारका म्हणते, चंपतभाऊजी असते तं धरून नेलं असतं. मी म्हटलं, मला धरून नेणाऱ्याची गरज नाही. त्यावर ती उठून चुलीकडे गेली. हल्ली ती बरंच काही बोलत नाही.

१८ सप्टेंबर

शेजारच्या ताराबाईकडे गजराचं घड्याळ आहे. टीं टीं करतं. आयसीयूत माझ्या डोक्याशी एक मशीन असंच करायचं. ते घड्याळ बंद ठेवा, असा निरोप पाठवला. मला भीती वाटते म्हणून नाही. शांतता हा नागरिकाचा हक्क आहे. ताराबाईने घड्याळच आमच्या घरी पाठवून दिलं, म्हणे तुमीच ठेवा. उद्धट बाई. द्वारकाने ते धान्याच्या कोठीत पुरून ठेवलंय.

२१ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. पितृपक्ष संपला. ऑफिसला गेलो, ऑटोने.

माझ्या गैरहजेरीत ऑफिस कोलमडलं असणार, अशी खात्री होती. माझ्या टेबलावर फकिरा बसला होता. फकिरा ज्युनिअर, माझ्या हाताखाली तयार झालेला. मी ज्या फायली पिकत ठेवल्या होत्या, त्या सगळ्या त्याने निकाली काढून टाकल्या. पीकपहाणीच्या नोंदी पूर्ण, पट्टेदार शेतकऱ्यांची गर्दी नाही, व्हरांडा रिकामा. ऑफिसची रयाच गेली. साहेबांना हे पसंत आहे, यावरून त्यांची लायकी कळते. मला म्हणाले, रेस्ट तीसुकोंडी, म्हणजे विश्रांती घ्या. मी म्हटलं, सर, आय ॲम फिट. त्यांना ऐकू आलं नाही. मी परत म्हटलं, तरी नाही. फकिराने तेलुगूत त्यांना काहीतरी सांगितलं, आणि दोघांनी माझ्याकडे दयेने बघितलं.

शिपायाने चहा आणला. तो पिताना मला रडू आलं. विनाकारण, लहान पोरासारखं, थांबेचना. चहात आलं फार होतं.

फकिरा ऑटोत बसून घरापर्यंत आला, पाठीवर हात ठेवून. म्हणाला, सायेब, दिवाळीपर्यंत येऊ नका, मी हावो ना. मी हावो ना, म्हणे. खुर्चीवर बसायला मिळालं की लोकांना माया येते.

२५ सप्टेंबर

जेवताना करंट गेला. मी ओरडलो. द्वारका चिमणी घेऊन धावत आली आणि माझा हात धरून बसली. मी वायरमनच्या नावाने ओरडलो होतो, असं तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, बरं.

२९ सप्टेंबर

परवा दसरा. चंपतला सोनं द्यायला यावंच लागेल. धाकट्याने थोरल्याकडे यायचं आणि पाया पडायचं. हे काही मी केलेले नियम नाहीत.

काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय. पहिल्यांदा सोनं घ्यायचं नाही. त्याला उभं ठेवायचं. तो कबूल करेल, रडेल. मग मी थोडा वेळ घेईन आणि म्हणेन, जा, माफ केलं. द्वारकासमोर एकदा म्हणून बघितलं. ती म्हणाली, आवाज थोडा काढा, त्याले ऐकू तं आलं पायजे.

१ ऑक्टोबर, दसरा

इस्त्रीचा सदरा घालून दुपारपासून दारात खुर्ची टाकून बसलो. नागोराव आला. फकिरा आला, पाया पडला, ढोंगी. ताराबाईची नातवंडं आली. अख्खी गल्ली येऊन गेली. मांडीवर आपट्याच्या पानांचा ढीग झाला.

चंपत आला नाही.

जैनथची शेवटची बस यायची वेळ होऊन गेली तरी द्वारका दाराशी उभी होती. मी तिला आत ये म्हणालो. असल्या भावाशिवाय लोकांचं काही अडत नाही. जेवलो नाही. पोट बरोबर नव्हतं.

पोट बरोबर होतं. वर लिहिलेलं खोडणार नाही, पण दिसतंय ते दिसतंय.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी. चंपतला कबुलीची शेवटची संधी द्यावी, असं ठरवलं. ऑटोने जैनथला गेलो. द्वारकाला बरोबर घेतलं, तिला मोकळी हवा लागते म्हणून. उतरताना तिचाच खांदा धरावा लागला, ते असो.

मळ्यात वांग्यांपेक्षा गवत उंच. मी काही विचारलं नव्हतं, सोजरबाईच म्हणाली, हे नागपूरले बसले होते तवा निंदाले कोण होतं जी, सारी वांगी किडली. मला टोमणा मारायचा तिने चान्स सोडला नाही.

चंपत बांधावर बसला होता. मला बघून उठला, पण जवळ आला नाही. मी म्हणालो, बोल. आता तरी कबूल कर.

त्याने कबूल केलं.

म्हणाला, पंगतीचं मले माहीत नाही दादा. वॉर्डात त्ये पाच मिनिटं बी उभं राहू देत नव्हते. पण एका दिवशी डॉक्टर बाहेर आला, म्हणे, घरी न्यायचं तं न्या, रात्र निघत नाही. मी खाली उतरलो आन् नागोरावच्या दुकानात फोन केला. म्हटलं, लाकडं आणून टाका. पावसाचे दिवस, वाळलं लाकूड ऐन वख्ताले भेटत नाही. आबाच्या टायमाले ओलं लाकूड भेटलं होतं, दिवस बुडेस्तोवर पेटलं नव्हतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून म्हटलं. दोन बैलबंड्या लाकडं त्या दिवशी तुमच्या घरामागं पडली. भावकीले सांगावा गेला. मंग वर जाऊन तुमच्यापाशी उभा राह्यलो, आन् तुमी माझं बोट धरलं. जित्या माणसाची लाकडं सांगून आलेलं बोट. तुमी पंगतीत जे बोलले ते बरोबरच बोलले. सोनं द्यायले कोणत्या हातानं येऊ?

मी माफीचं जे पाठ केलं होतं, त्यातला एक शब्द आठवला नाही. मला त्याची कबुली पाहिजे होती, ती मिळाली. आणि त्यातून कळलं एवढंच, की मी मरत होतो. मामुली ताप नव्हता. रात्र निघत नव्हती. हे नागोरावला माहीत होतं, भावकीला माहीत होतं, बंडीवाल्याला माहीत होतं. मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, मग त्या लाकडांचं काय केलं?

द्वारकाने सांगितलं. म्हणाली, तुमच्या आंघोळीचं पाणी तापून राह्यलं त्याच्यावर. घरी आले त्या दिवसापासून.

मी बांधावरच बसलो आणि रडलो. चहा नव्हता, आलं नव्हतं. मला भीती वाटते. रोज वाटते. चंपत शेजारी येऊन बसला, तोही रडत होता, आणि सोजरबाई लांबून बघत होती, ती तेवढी रडत नव्हती.

३ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी घरामागे जाऊन बघितलं. धावड्याचं लाकूड आहे, चांगलं वाळलेलं. निम्मं संपलंय.

चंपत पहिल्या बसने आला. त्यानेच चूल पेटवली, त्यानेच पाणी घातलं. म्हणाला, दादा, लय कढत तं नाही? मी म्हणालो, नाही, घाल.

फकिराच्या हाती रजेचा अर्ज पाठवला. किती दिवस, ते द्वारकाला विचारलं. ती म्हणाली, लाकडं संपेस्तोवर तं घ्या.