नावेला दाताळं

८ जानेवारी २०२५

नावेखाली कोंबडीनं अंडी घातलीत! घराच्या मागं उपडी पडलेली ॲल्युमिनियमची नाव. आता तिचा एवढाच उपयोग. अंडी काढली, तिथंच बसून रडले, मग त्याच अंड्यांचं कालवण केलं. हे दोन घास जास्त जेवले.

ह्यांना लकवा मारून वर्ष झालं. डावा हात गेला, डावा पाय गेला. बोलता येतं, पण बोलायचंच सोडलं. मी आंघोळ घालते तेव्हा भिंतीकडं बघत बसतात. आज मच्छीमार सोसायटीचे दिनकरराव येऊन गेले, नाव त्यांच्या सोसायटीचीच. "वहिनी, होळीपर्यंत नाव पाण्यात दिसली तर ठीक. न्हाईतर दुसऱ्या कुनाला तरी द्यावी लागंल." त्यांचं काही चुकलं नाही. तरी मी चहा विचारला नाही.

ते गेल्यावर हे म्हणाले, "देऊन टाक. मी आता मेल्यात जमा."

मेल्यात जमा म्हणे! रोज तीन भाकरी खाताय की! माझं डोकंच फिरलं. तरातरा जाऊन भांडी आपटली.

९ जानेवारी

नाव देणार नाही. ह्यांना पुन्हा पाण्यात घालणार. कसं ते माहीत नाही.

१२ जानेवारी

नाव उताणी केली. केवढी अरुंद! काकडी उभी चिरावी तशी. जरा कुठं हात टेकला की डुगडुगते. ह्या असल्या नावेत हे उभे राहून जाळं टाकायचे, आणि मी काठावर टोपलं घेऊन बघत राहायची.

आमच्या घरात बाई नावेत चढत नाही. मासे विकते, जाळं शिवते, नाव ढकलतेसुद्धा. हात चालतो, पाय चालत नाही. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी सांगितलं, "बाईचा पाय लागला की नाव रुसती." सत्तावीस वर्षं पाळलं.

ह्यांना आत बसायची सोय करायची, म्हणून आज मापं घ्यायची होती. नावेच्या कडेवर पोट टेकवून, बाहेरूनच लोंबकळत, सुतळीनं घेतली. सासूबाई ओट्यावर जाळं शिवत होत्या, पण नजर माझ्या पायांवर! "बघायलेय मी," म्हणाल्या. म्हटलं बघा खुशाल.

१४ जानेवारी

संक्रांत. वाण घ्यायला आलेल्या बायका अंगणातली नाव बघून एकमेकींना कोपर मारायल्या. मारा!

१९ जानेवारी

छोटा हत्ती टेम्पोत टाकून नाव राणीसावरगावला नेली, भीमाशंकरकडं. तो कूलर आणि ट्रॉल्या बनवतो. नाव त्यानं जन्मात पहिल्यांदा हाताळली. टिचकी मारून बघितली. "वहिनी, ह्याला आपलं वेल्डिंग चालायचं न्हाई, भोक पडंल. बोल्टच मारू." मग लगेच, "अन् तळाला चार भोकं पाडतो, पानी निगून जाईल."

"भाऊ, ही नाव हाय! कूलर न्हाई!"

स्वतःच्याच डोक्यात टपली मारून घेतली त्यानं.

ठरलं असं. मागच्या टोकाला लोखंडी कडी. तिच्यात एकच वल्हं अडकवायचं आणि उजव्या हातानं हलवायचं. आणि बसायला ट्रॅक्टरची सीट! त्याच्याकडं जुनी पडली होती. पाठीला टेकू, गुडघ्याएवढी उंच. बाई गं, मला तर सिंहासनच वाटलं!

२ फेब्रुवारी

आज काय झालं!

तलावाच्या काठाला गुडघाभर पाण्यात नाव घातली. भीमाशंकर म्हणाला, "आदी मी बसून दावतो." ऐटीत बसला सीटवर, मिशीला हात लावला, आणि धप्प! नाव पालथी, भीमाशंकर चिखलात.

मागून आवाज आला. मला वाटलं ठसका लागला ह्यांना. वळून बघते तर हसत होते! काठावर खुर्चीत, ओठ एका बाजूला ओढलेला, डोळ्यांतून पाणी, आणि हसू थांबेना. वर्षभरात हा आवाज ऐकला नव्हता मी. भीमाशंकर "वहिनी, हात द्या" ओरडतोय आणि मी आपली ह्यांच्याकडंच बघत उभी. देवा!

हसू आवरल्यावर म्हणाले, "नावंत खुर्चीवर बसतेत का, येड्या? बूड तळाला पायजे. काढ ती सीट. अन् दोन्ही अंगाला पाईप टाक, हवा कोंडून. मला इचारलं का कुनी?"

खरंच विचारलं नव्हतं. त्यांचं शरीर गेलं म्हणजे अक्कलपण गेली असंच धरून चाललो होतो सगळे. आणि मी तर माप बाहेरून घेतलेलं. आत बसल्यावर कसं लागतं हे मला काय ठाऊक?

५ फेब्रुवारी

बोअरचा केसिंग पाईप आणला. दोन तुकडे, तोंडं पक्की बंद केली. हे खुर्चीतून हुकूम सोडायलेत. "आनखी मोरं घे. जाळ्यात अडकंल." भीमाशंकर माझ्याकडं बघून म्हणतो, "चंद्रभानदादाला ह्याच्यापेक्षा मुकंच ऱ्हाऊ द्यायला पायजे होतं!" मी हसले, पण वळून डोळे पुसले.

११ फेब्रुवारी

खरी अडचण आज कळली. जाळं ओढायचं कसं? एक हात ओढतो तेव्हा दुसऱ्यानं धरावं लागतं. एकानं ओढलं आणि पुढचं धरायला सोडलं की सगळं घसरून माघारी. अंगणात दोरी बांधून करून बघितलं त्यांनी. चौथ्यांदा घसरली तेव्हा दोरी फेकली आणि तोंड फिरवलं.

मलाही काही सुचेना. रागारागात लोखंडी दाताळं घेऊन अंगणातला पाला ओढायला लागले. तीच दोरी दाताळ्याच्या दातात अडकली. ओढते तर सुटेना!

मी तशीच उभी राहिले. मग दाताळं घेऊन ह्यांना दाखवायला पळत गेले.

१६ फेब्रुवारी

भीमाशंकरनं दाताळ्याचा दांडा कापून टाकला आणि दाते वर करून नावेच्या उजव्या कडेला बोल्टनं बसवलं. ओढायचं, दातात अडकवायचं, हात मोकळा. पुन्हा ओढायचं. ह्यांनी दोन-तीनदा करून बघितलं. नुसता दात्यांवरून हात फिरवत बसले, लय वेळ.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. भीमाशंकरनं हत्याराला हात लावला नाही. माझाही उपास. धीर धरवत नाही.

२ मार्च

गेले! एकटे गेले!

मी आणि भीमाशंकरनं उचलून तळाला बसवलं. "सोडा," म्हणाले. सोडली. नाव एकदा कलली, पाईपनं सावरली. मग मागचं वल्हं हलायला लागलं, हळूहळू, शेपटी हलवल्यागत. घरात एक पाऊल टाकायला ज्यांना माझा खांदा लागतो ते माझ्यासमोर सरसर निघून गेले. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. पाण्यावर लंगडा कोण, धडधाकट कोण, काही कळतच नाही! मी आ वासून बघत राहिले.

टेकडीच्या आड गेले. ऊन चढलं तरी येईनात. मला आठवतही नाही, पण मी चपलांसकट कमरेपर्यंत पाण्यात गेले होते. पदर ओढल्यासारखा झाला म्हणून वळले. सासूबाई! गुडघाभर पाण्यात, हातात माझा पदर. दोघी तशाच उभ्या.

मग दिसले. ओढायचे, दातात अडकवायचे. ओढायचे, अडकवायचे. अंगणातलं माझं दाताळं! नावेत मासे, एक मोठी कटला आणि चिलाप्या. काठाला लागल्यावर म्हणाले, "भूक लागली." बस, एवढंच.

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. भाकरी वाढली.

१० मार्च

रोज जातात. आंघोळीला आता भिंतीकडं बघत नाहीत. "मागची बाजू घास की नीट," म्हणतात.

खरं सांगते, मला हेवा वाटतो. ह्या पाण्याचं खाऊन पोरं मोठी केली, पण मधोमध काय असतं ते मी बघितलं नाही. नवीन लग्न झालं होतं तेव्हा हे सांगायचे, तिथं काठावरचा एकही आवाज येत नाही. आज बोलता बोलता सासूबाईंना म्हटलं, कसं असेल हो तिथं? म्हणाल्या, "म्या बी कुठं बघितलंय?"

१३ मार्च

होळी. दिनकरराव काठावर येऊन बराच वेळ नाव बघत राहिले. दाताळ्याला हात लावून बघितला, नमस्कार केल्यागत तोच हात कपाळाला लावला. आज त्यांना चहा दिला. दोनदा.

१८ मार्च

सकाळी हे म्हणाले, "भीमाशंकरला सांग, मोरच्या अंगाला तळाशी एक फळी टाक म्हनावं."

"माशाला टोपलं हाय की!"

"माशाला न्हाई," म्हणाले. "तू कुठं बसशील?"

मी सासूबाईंकडं बघितलं. सगळं ऐकलं होतं त्यांनी. जाळ्याची गाठ मारली, दातानं दोरा तोडला, मान वर केलीच नाही.

"चपला काढून चढ," म्हणाल्या.