दारावरची लोकर

थेरॉन यांस,

मुलगी झाली म्हटल्यावर "टेकडीवर टाकून या तिला" एवढंच बोलून तुम्ही जहाजावर चढलात. बापानं बाळ घेऊन चुलीभोवती फेरी घातली नाही, तर ते घरचं होत नाही. हे मलाही ठाऊक आहे.

मी बाळाला घेऊन चुलीतल्या हेस्तियादेवीपुढे बसले, काय करू म्हणून विचारलं. तिच्या उबेत पोर रडायची थांबली आणि गाढ झोपली. मला उत्तर मिळालं. मी उठले आणि फेरी घातली.

सासूबाई ओरडल्या, "अगं, बाईनं घालायची नसते! देवी कोपेल!"

"चुलीतली देवी आहे ती. तिला रोज पहिला घास मीच देते ना? कोपली तर विझेल. बघा, विझलीय का?"

चूल चांगली ढणढणत होती. मग सासूबाईंनीच मुलगी झाल्याची लोकर दारावर बांधली.

हे पत्र मी धाडणार नाही. लोकर बघूनच कळू दे तुम्हाला.

लग्नात मला या चुलीपाशी बसवून तुम्ही सुकी अंजिरं उधळलीत, नवं माणूस घरात घेताना उधळतात तशी. परत आलात की तिथंच बसा. तुमच्यावर उधळायची की नाही, ते आम्ही दोघी मायलेकी ठरवू.

या घरचीच,
फिलिन्ना