पडद्यावरची तंगडी

पौड,
५ नोव्हेंबर १९८९

प्रिय गनीभाई,

अस्सलामु अलैकुम. इकडे आम्ही खुशाल, मस्कतला तूही खुशाल असशील. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालंय, हसू नकोस.

तू पाठवलेला टीव्हीवरचा खेळ पोचला. ह्यांना केवढा आनंद! स्टँडजवळच्या टपरीतल्या मशीनवर नाणी टाकून राक्षस कापण्यात हे पौडात गाजलेले. आता तेच घरी, फुकटात. चित्र जरा फिकं आहे, रक्त मात्र तेवढंच लाल. कुऱ्हाडवाला हे, तलवारवाली मी. मुंडकी उडतात, सांगाडे फुटतात, भाला पोटातून आरपार जातो. खरं सांगू? मला फार आवडलं. पहिला राक्षस उभा चिरला तेव्हा मी ओरडलेच. सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "हिच्या अंगात आलंय जणू."

त्या खेळात एक खोड आहे. आपला वार जोडीदारालाही लागतो. मी पुढे गेले की ह्यांची कुऱ्हाड माझ्या पाठीत. चुकून नाही. मी मेले की हे हसायचे.

मेलेल्या राक्षसाजवळ कधीकधी भाजलेली तंगडी पडते. ती खाल्ली की जीव भरतो. मंगळवारी माझा जीव संपत आला होता, म्हणून मी खाल्ली. ह्यांच्या आधी. घरात ह्यांचं जेवण झाल्याशिवाय मी घास घेत नाही, ते पडद्यावर विसरले.

आधी पडद्यावर कुऱ्हाड बसली. मग त्याने लाकडी स्टूल उचललं आणि माझ्या उजव्या मनगटावर घातलं. दोनदा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, भाई. तिसऱ्यांदा ते डोक्यावर येत होतं.

तेवढ्यात सासूबाई मुसळ घेऊन उठल्या. "चितरातली तंगडी खाल्ली तिनं, आन् तू खराखुरा हात मोडलास व्हय रं?" असं म्हणत पोटच्या पोराच्या गुडघ्यावर घाव घातला. तो कोसळला तरी थांबल्या नाहीत. तोंड फुटलं, दात फरशीवर पडले. सासूबाईंना सगळा मोहल्ला म्हणतो, बद्रुन्निसा म्हणजे गरीब गाय. मला म्हणाल्या, "ह्याच्या बापाचं लई सोसलं म्यां. आता न्हाई." इस्माईल दवाखान्यातून परस्पर मित्राकडे गेलाय. चालता आलं की दोघींना बघतो, असा निरोप धाडलाय. घर त्याच्या नावावर, म्हणून आम्हीच निघतोय.

हा मारतो, हे मी तुला मागेच लिहिलं होतं. तू उत्तर दिलंस, सांभाळून घे, एका हाताने टाळी वाजत नाही. त्याचा मला राग आला होता. अजून आहे.

लवळ्याचं तुझं घर बंदच असतं. दामूकाकांकडे किल्ली मागितली तर म्हणाले, "गनीचा शब्द आल्याबिगर देता येत न्हाई, पोरी." पत्र मिळताच त्यांना तार कर.

खेळ शाबूत आहे. आम्ही दोघी मिळून एकच कंट्रोल धरतो. माझा डावा हात तलवारवालीला चालवतो, अम्मींचा उजवा वार करतो. हो, आता मी त्यांना अम्मी म्हणते. जेवतोही एकाच वेळी. काल शेवटच्या राक्षसापर्यंत पोचलो होतो.

तार नाही आली, तर तुझं कुलूपही असंच फोडू.

उरल्या हाताने,
तुझी सुरैया